मूळव्याध, सुमनताई आणि मी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे प्रमुख माननीय सिद्धेश कुलथे साहेब, व्यासपीठावर त्यांच्या शेजारी बसलेल्या एचआरच्या मोनिका मॅडम, ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण सगळे जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती, मेडिकल रूमच्या सिस्टर सुमनताई भालेराव, कासारवाडीहून रिक्षा, बस आणि पुन्हा रिक्षा करून महाळुंग्यापर्यंत आलेल्या त्यांच्या मातोश्री चिमाबाई, पहिल्या शिफ्टचे घरी जायची घाई असलेले आणि दुसऱ्या शिफ्टचे कामावर जायची मुळीच घाई नसलेले माझे बंधू आणि भगिनींनो,

मी बरकत इमाम तांबोळी. स्टोअरची फोर्कलिफ्ट चालवतो, एकोणीस वर्षं झाली. खंडेनवमीची पूजा असो, सेफ्टी सप्ताह असो, गणपती असो, माईक आपोआप माझ्याकडे येतो. तसा तो आजही आला. मोनिका मॅडमनी सोबत एक चिठ्ठी दिली आहे. त्यात लिहिलंय, ‘वेळ दहा मिनिटे. विषय, सुमनताईंची सव्वीस वर्षांची सेवा.’ विषयाबद्दल माझी काही तक्रार नाही. फक्त सव्वीस वर्षांतले सगळे आजार दहा मिनिटांत बसत नाहीत, म्हणून मी त्यातला एकच निवडला आहे. मूळव्याध.

साहेब, आपण हातातला वडा खाली ठेवलात हे मी पाहिलं. कृपया खावा. गार होईल.

हे मी गंमत म्हणून करत नाही, हे आधीच स्पष्ट करतो. या सभागृहात या क्षणी एक कामगार भाऊ बसला आहे. त्याला परवा, सोमवारी सकाळी आठ वाजता, कासारवाडीच्या एका इस्पितळात दाखल व्हायचं आहे. आधी रक्त चढवायचं आणि मग ऑपरेशन. वेळ सुमनताईंनी घेऊन दिली आहे. त्याच्या अंगातलं हिमोग्लोबिन सातवर आलंय, आणि तरी तो जाणार नाही असा माझा अंदाज आहे. सोमवारी ‘का रे, गेला नाहीस?’ असं विचारायला सुमनताई मेडिकल रूममध्ये नसतील. म्हणून मला आजच बोलणं भाग आहे. त्याचं नाव, गाव, विभाग मी सांगणार नाही. आणि कृपया कुणी माना वळवून शोधू नये. तिसऱ्या रांगेतल्या मंडळींनी तर मुळीच नको, तो तिथे नाही.

चिमाबाई, आजी, तुमच्यासमोर असा विषय काढतोय, आधीच क्षमा मागतो. काय म्हणालात? माईकवर सांगू? आजी म्हणतात, ‘बोल की लेका, समद्यांनाच आस्तंय, लाजतो कशापायी.’ अध्यक्षांची परवानगी मिळण्याआधी आजींची मिळाली. आता मी थांबत नाही.

सुमनताई कंपनीत आल्या तेव्हा मेडिकल रूममध्ये एक खाट होती, एक हिरवा पडदा, एक वजनकाटा आणि एक रजिस्टर. खाट आणि पडदा आजही तेच आहेत. रजिस्टरची आपली पद्धत तुम्हाला माहीत आहे. नाव, टोकन नंबर आणि तक्रार पेशंटने स्वतःच्या हाताने लिहायची. सिस्टरने पुढे उपचार लिहायचा. पद्धत चांगली आहे, माणसाला आपलं दुखणं आपल्या शब्दांत मांडता येतं. फक्त आपल्याकडे शब्द एकच होता. कंबर.

एका महिन्यात एक्केचाळीस जणांनी ‘कंबर’ लिहिलं. वरच्या ऑफिसात खळबळ उडाली. पुण्याहून एक तज्ज्ञ आले. आपण कसं वाकतो, कसं उचलतो याचे त्यांनी फोटो काढले आणि आपल्या मणक्यांविषयी बावीस पानांचा अहवाल दिला. त्यानंतर नव्या खुर्च्या आल्या. त्यांच्यावर कुणी बसेना, कारण कंबर कुणाचीच दुखत नव्हती.

खरी गोष्ट कँटीनच्या खिडकीपाशी दिसायची. तिथे काही लोक चहा उभ्यानं घेतात, हे सगळ्यांनी पाहिलंय. बाकं रिकामी असली तरी उभ्यानं. त्या खिडकीपाशी क्रिकेटवर बोलणं व्हायचं, पाण्याच्या टँकरवर व्हायचं. तू उभा का, असं मात्र कुणी कुणाला विचारायचं नाही. तो तिथला नियम होता. मी त्या खिडकीपाशी अकरा वर्षं उभा होतो.

मग एके दिवशी प्रेस शॉपमध्ये एक मशीन बावीस मिनिटं बंद राहिलं. क्वालिटीचे आपले बुद्धरत्न ओव्हाळ, हे बघा इथेच आहेत, यांनी लगेच व्हाय-व्हायचा कागद काढला. बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगतो, कारखान्यात काही बिघडलं की आम्ही एकमेकांवर ओरडत नाही. म्हणजे ओरडतो, पण नंतर कागदही भरतो. त्यावर पाच वेळा ‘का’ विचारायचं, पाचव्याला मूळ कारण सापडतं, असा नियम आहे. मशीन का थांबलं? ऑपरेटर जागेवर नव्हता. का नव्हता? संडासला गेला होता. बावीस मिनिटं का लागली? ऑपरेटर सांगत नाही. का सांगत नाही? पोट बिघडलं असावं. पोट का बिघडलं? बुधवारची मिसळ.

मूळ कारण मिळालं. मिसळ बंद झाली. दुसऱ्या प्लांटमध्ये असा प्रकार घडू नये म्हणून तिथलीही बंद झाली. तिच्या जागी पाव, बटर आणि खारी आली. सगळा मैदा. पुढच्या महिन्यात रजिस्टरमध्ये त्रेपन्न कंबरा झाल्या.

तो कागद सहीसाठी मेडिकल रूममध्ये गेला, तेव्हा सुमनताईंनी सही केली नाही. पाचव्या रेघेखाली त्यांनी पेनाने सहावी रेघ ओढली आणि लिहिलं, ‘अकरा वाजता एवढी माणसं उभ्यानं चहा का पितात?’ आणि समोर उत्तर लिहिलं, ‘कारण लाज वाटते.’ बुद्धरत्नभाऊंनी मला तो कागद दाखवला. म्हणाले, ‘बरकतभाऊ, ह्या उत्तराला करेक्टिव्ह ॲक्शन काय लिहू?’ मी म्हणालो, मला काय माहीत. मला चांगलंच माहीत होतं.

करेक्टिव्ह ॲक्शन ताईंनीच केली. कँटीनमध्ये आठवड्यातून तीन दिवस ज्वारीची भाकरी आणि रोज काकडी त्यांनी आणली. मिसळही परत आणली, कारण तिच्यात निदान मटकी होती. फोर्कलिफ्टवाले पाणी पीत नाहीत, कारण लघवीला जायचं तर किल्ली सुपरवायझरकडे जमा करावी लागते आणि परत मागावी लागते, हे त्यांनीच शोधून काढलं आणि ती किल्लीची भानगड बंद करवली. आणि सेफ्टी सप्ताहात, अग्निशमन आणि हेल्मेट या दोन विषयांच्या मध्ये, त्यांनी फळ्यावर एक चित्र काढून मूळव्याधीवर व्याख्यान दिलं. सूत्रसंचालन माझं होतं. मी विषय जाहीर केला, ‘कंबरेखालील आरोग्य’.

त्या व्याख्यानाला उपस्थित असलेले बरेच जण आज इथे आहेत. त्यांना आठवत असेल की ताईंनी अगदी सरळ सांगितलं होतं. शौचाच्या जागेच्या आतल्या शिरा फुगतात. कुणाचं नुसतं रक्त पडतं. कुणाचे कोंब बाहेर येतात आणि आपोआप आत जातात, कुणाला ते हाताने आत सारावे लागतात, आणि कुणाचे आत जातच नाहीत. सगळ्यांना ऑपरेशन लागत नाही. बऱ्याच जणांचं भागतं ते खाण्यातल्या चोथ्यावर, पाण्यावर, कोमट पाण्याच्या टबावर आणि संडासात मोबाइल न नेण्यावर. पुढचं लागलं तर काहींना इंजेक्शन, काहींना रबर बँड. कोंबाच्या मुळाशी छोटा बँड बसवतात, त्याचा रक्तपुरवठा तुटतो, आणि आठवडाभरात तो सुकून गळून पडतो. बाह्यरुग्ण विभागात होतं, भूल लागत नाही, पण कधी कधी दोन-तीनदा जावं लागतं.

इथपर्यंत सगळे शांत होते. मग ताई म्हणाल्या, ‘त्यापुढे स्टेपलर असतो.’

मागून एकाने हात वर केला. ‘ताई, पिना कोण काढनार?’ ताई म्हणाल्या, काढत नाहीत, बारीक असतात, आतच राहतात. फुगलेल्या भागाच्या वरची एक पट्टी कापून उरलेलं वर ओढून शिवल्यासारखं होतं. दुखणं कमी, पण पुन्हा होण्याची शक्यता थोडी जास्त. तो म्हणाला, ‘ते ठीक हाय, पन पिना आत राहिल्या तर गेटवर मेटल डिटेक्टर वाजंल का?’ ताईंनी विचार केला आणि म्हणाल्या, वाजणार नाही. सिक्युरिटीवाले दोघे दाराशी उभे होते. त्यांनी ते वहीत टिपून घेतलं.

आणि मग ताईंनी तो शब्द उच्चारला. लेझर.

तुम्हाला आठवतंय. अर्धं सभागृह उठलं. आता यात आपली काय चूक? बाहेरचा माणूस लेझर ऐकतो तेव्हा त्याला काहीतरी नवीन, स्वच्छ, बिनदुखण्याचं वाटतं. आपण लेझर रोज बघतो. आपल्या शेडच्या टोकाला ते मशीन आहे, आठ एमएमची प्लेट ते फरफर कापत जातं आणि ठिणग्या भिंतीपर्यंत उडतात. एकाने विचारलं, ‘किती किलोवॉट?’ ताई म्हणाल्या, किलोवॉट नाही हो, काही वॅट. दुसऱ्याने विचारलं, ‘गॅस कोनता लावत्यात, ऑक्सिजन का नायट्रोजन?’ ताई म्हणाल्या, गॅस लावत नाहीत. तिसरा म्हणाला, ‘गॅसशिवाय कट साफ येत न्हाई, ताई, बर राहतो.’ बर म्हणजे कापलेल्या कडेला राहणारी पत्र्याची कुसळं. तो माणूस लेझर मशीनवर नऊ वर्षं होता. ताईंनी एवढंच सांगितलं, लेझरने कापत नाहीत, आतून तापवून शीर आक्रसवतात. दुखणं कमी असतं, पण प्रत्येकाला तेच लागू पडतं असं नाही. कुणाला काय लागतं ते तपासल्यावर सर्जन ठरवतो. मी आभार मानले आणि लगेच हेल्मेटवर आलो.

त्या दिवशी मी माईकवर हसत होतो. माझ्या खिशात तांब्याची अंगठी होती. काळेवाडीत एकाने दिली होती, मूळव्याधीवर रामबाण म्हणून. शॉपमध्ये अंगठी घालायला बंदी आहे, म्हणून मी ती दोन वर्षं पॅन्टच्या खिशात ठेवून तिचा गुण यायची वाट पाहिली. आला नाही. अंगठीवाल्याच्या शेजारच्या गाळ्यात ‘बिना ऑपरेशन, एका दिवसात मुक्ती’ अशी पाटी होती. तिथेही गेलो. त्याने काय लावलं हे मला अजून माहीत नाही. त्यानंतर दहा दिवस मी उभ्यानं जेवलो, एवढंच सांगतो.

शेवटी एके सकाळी मी मेडिकल रूममध्ये गेलो आणि रजिस्टरमध्ये ‘कंबर’ लिहिलं. सुमनताईंनी चष्म्यावरून बघितलं. ‘बरकतभाऊ, कंबर नेमकी कुठं दुखते, दाखवा.’ मी गडबडलो आणि खांदा दाखवला. त्या म्हणाल्या, ‘रक्त किती दिवस पडतंय?’ मी म्हणालो, ‘अकरा वर्षं.’ त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘मी दिवस विचारले होते,’ म्हणाल्या.

मी त्यांना म्हणालो, ताई, मी माईकवर बोलणारा माणूस. उद्या खंडेनवमीला उभा राहिलो आणि खालून कुणी काही म्हणालं तर? त्या म्हणाल्या, ‘रजेचं कारण तुम्ही ठरवा. तारीख मी ठरवते.’ बस. उपदेश नाही, घाबरवणं नाही. माझी गोष्ट आजवर त्यांनी कुणालाही सांगितलेली नाही. आज मी स्वतः सांगतोय. मला वाटतं, साहेब, आता वडा ठेवलात तरी चालेल.

रजेचं कारण मी ठरवलं. मिरजेला मावसभावाच्या मुलाचं लग्न, आठ दिवस. नवरा मुलगा अय्याज. आणि दाखल झालो कासारवाडीला. डॉक्टर अंजली रणपिसे म्हणून सर्जन. बाई सर्जन आहे हे मला दारात कळलं. मी परत फिरणार होतो, पण माझी बायको झुलेखा दार अडवून उभी होती. तपासणीला दीड मिनिट लागलं. त्या दीड मिनिटाला मी अकरा वर्षं भीत आलो होतो. मग डॉक्टरांनी दुर्बिणीने मोठं आतडंही तपासायला सांगितलं. म्हणाल्या, रक्त पडतंय म्हणजे मूळव्याधच, असं गृहीत धरायचं नाही, तुमच्या वयात तर नाहीच. आतडं स्वच्छ निघालं. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतोय. घरी बसून अंगठी घालणाऱ्याला हे कळायचा काहीच मार्ग नाही.

मी विचारलं, बँड चालेल का? म्हणाल्या, ती वेळ तुमची पाच-सहा वर्षांपूर्वी गेली. लेझर? लेझरला मीच नको म्हणालो, गॅसचं डोक्यात होतं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, तुमचे कोंब कायम बाहेर आहेत, तुम्हाला जुनं सरळ ऑपरेशनच बरं. कापून काढायचं. दुखणं सगळ्यांत जास्त, पण परत होण्याची शक्यता सगळ्यांत कमी. मी सही केली. पाठीत इंजेक्शन दिलं आणि कंबरेखाली मी उरलोच नाही. रजिस्टरमध्ये इतकी वर्षं कंबर लिहिली, ती त्या दिवशी पहिल्यांदा खरोखर गेली.

आता खरं बोलायचं ठरवलंय तर दुखण्याचंही सांगतो. दुखतं. दुखत नाही असं जो सांगतो, त्याला काहीतरी विकायचं असतं. पहिल्या शौचाला मी अल्लाला हाक मारली, आईला मारली आणि का कोण जाणे, आपल्या जुन्या सुपरवायझरलाही मारली. झुलेखाने निळा टब आणला होता. शेजारणीला सांगितलं, नातवाला आंघोळ घालायला. आम्हाला नातू नाही. दिवसातून तीन वेळा मी त्या टबात कोमट पाण्यात बसायचो आणि बाहेर शेजारीण नातवाच्या नावाबद्दल चौकशी करायची. सुमनताई शिफ्ट सुटल्यावर दोनदा घरी आल्या. पहिल्यांदा झुलेखाला सगळं समजावून दिलं. दुसऱ्यांदा काहीच केलं नाही, बसल्या, चहा घेतला आणि गेल्या. मला त्या दिवशी रडू आलं होतं. दुखत होतं म्हणून नाही.

सातव्या दिवसापासून उतार पडला. पण जखम पुरती भरायला वेळ लागला आणि लग्नाची रजा संपली. मला मग मुलीकडच्या एका आजोबांना आजारी पाडावं लागलं. चौथ्या आठवड्यात मी फोर्कलिफ्टवर बसलो. हे वाक्य पुन्हा म्हणतो. बसलो. टॉवेलची घडी न ठेवता. त्या दिवशी चाकणच्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मी बसमध्ये बसून मोजला आणि एकाही खड्ड्याला शिवी दिली नाही.

पण खोटं बोललेलं निस्तरावं लागतं. सगळ्यांनी लग्नाची मिठाई मागितली, दोन डबे आणावे लागले. वर्षभराने बुद्धरत्नभाऊंनी आपुलकीने विचारलं, अय्याजला काही मूलबाळ? माझ्या तोंडून निघून गेलं, मुलगी झाली. या भल्या माणसाने दुसऱ्या दिवशी एक फ्रॉक आणून दिला. पिवळा, लहान फुलांचा. बुद्धरत्नभाऊ, आज सगळ्यांसमोर सांगतो. अय्याज नाही, त्याची बायको नाही, मुलगी नाही. फ्रॉक माझ्या कपाटात आहे, पिशवीसकट. तुमच्या घरात मूल जन्मलं की मी तो घेऊन येईन.

यावर हसायला हरकत नाही. मीही बरेच दिवस हसलो. गेल्या मंगळवारपर्यंत.

गेल्या मंगळवारी माझं डोकं जड झालं होतं, म्हणून मी मेडिकल रूममध्ये गेलो. ताईंनी मला खाटेवर झोपवलं, दहा मिनिटं पडून राहा, मग बीपी बघते म्हणाल्या, आणि पडदा ओढला. तेवढ्यात एकजण आत आला. त्याला मी दिसलो नाही, मला तो दिसला नाही. आवाज मात्र मी ओळखला. त्याचं बोलणं मी थोडं बदलून सांगतो, म्हणजे तुम्हाला ओळखता येणार नाही.

ताई त्याला म्हणाल्या, सोमवारी आठ वाजता डॉक्टर रणपिसेंकडे दाखल व्हायचं, सगळं ठरवलंय. तो म्हणाला, ‘बघू.’ त्या म्हणाल्या, बघू नाही, हिमोग्लोबिन सातवर आलंय, आधी रक्त चढवावं लागणार, नखं बघ तुझी, पांढरी पडलीत. सोमवारी मी नसेन. तो म्हणाला, ‘ताई, ऑपरेशन केलेली मानसं मी ऐकली. एकाला कायमचं डायपर लागलं म्हनं. एकाचं सा महिन्यांत परत झालं. बरा झालेला एक बी ऐकला न्हाई.’ ताई म्हणाल्या, ‘बरे झालेले आहेत. याच कंपनीत आहेत.’ तो म्हणाला, ‘मग एक नाव सांगा. एकच. मी जाऊन त्याला इचारतो, आनि सोमवारी जातो.’

मी पडद्याच्या आत होतो. ताईंना ते माहीत होतं. त्यांनी एकदा जरी पडद्याकडे मान केली असती, तरी त्याला कळलं असतं. त्यांनी केली नाही, हे त्यांच्या आवाजावरून मला समजलं, आवाज जराही हलला नाही. म्हणाल्या, ‘नाव सांगणं माझ्या कामात बसत नाही. तुझंही मी कुणाला सांगणार नाही. पण माणूस चांगला चालतो, मी रोज बघते.’

तो म्हणाला, ‘नाव न्हाई म्हंजे मानूस बी न्हाई, ताई.’ आणि गेला.

मी श्वास धरून पडलो होतो. एकोणीस वर्षं माईकवर बोलणारा माणूस. दार बंद झालं. ताईंनी पडदा सरकवला, माझ्या दंडाला पट्टा बांधला. एकशे साठ आणि शंभर. ‘कशानं वाढलं?’ त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ‘काय माहीत.’ त्यांनी आकडे लिहिले, तक्रारीचा रकाना मीच भरायचा म्हणून रजिस्टर माझ्यापुढे केलं. मी तो रिकामा सोडला. त्यांनी रजिस्टर तसंच मिटलं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चार दिवस मी विचार करतोय. वाईट झालेल्यांच्या गोष्टी साऱ्या काळेवाडीत, साऱ्या महाळुंग्यात फिरतात, आणि बरे झालेल्यांची एकही का फिरत नाही? कारण बरे झालेले सगळे माझ्यासारखे मिरजेच्या लग्नाला गेले होते. आपण परत येऊन मिठाई वाटली आणि गप्प बसलो. त्या भावाच्या अंगात सात उरलंय, त्यात त्याच्या भीतीचा वाटा आहे आणि माझ्या गप्प बसण्याचाही आहे. हे मी नम्रपणा म्हणून म्हणत नाही, हिशेब तसाच आहे.

मोनिका मॅडम घड्याळ दाखवताहेत. मी आटोपतो.

सुमनताई, तुमच्याबद्दल इतर वक्ते बरंच चांगलं बोलतील. शिस्त, सेवा, हसतमुख स्वभाव, सगळं येईल. मला इतकंच म्हणायचंय की, सव्वीस वर्षं आपल्या सगळ्यांची लाज तुम्ही आपल्याजवळ ठेवलीत आणि कुणालाही ती कमी लेखून परत केली नाहीत. तुमच्या जागी जी सिस्टर येईल तिला रजिस्टरमध्ये कंबर कमी आणि खरी नावं जास्त दिसावीत, एवढं आम्ही करू. मी तुमचा फार ऋणी आहे, ताई. हे मी घरी येऊन सांगायला हवं होतं.

अध्यक्ष साहेबांचे, व्यासपीठाचे, वडे वेळेवर देणाऱ्या कँटीनचे आणि एवढा वेळ बसून ऐकणाऱ्या, आणि ज्यांना बसवत नाही म्हणून मागे उभं राहून ऐकणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार. बोलताना कुणाचा मान कमी राहिला असेल, जेवणाच्या वेळी नको ते शब्द कानांवर पडले असतील, तर ते माझं अज्ञान समजून पोटात घालावं, ही विनंती.

ही माफी सगळ्यांसाठी झाली. तुझ्यासाठी वेगळी आहे, भावा. मंगळवारी तू नाव मागितलंस तेव्हा माझ्या खाटेपासून तुझ्यापर्यंत चार पावलं होती. मी ती टाकली नाहीत. मला माफ कर. सोमवारी सकाळी साडेसातला मी कासारवाडी स्टेशनच्या बाहेर उभा असेन. रजेचा अर्ज मॅडमच्या टेबलावर आहे, आणि कारणाच्या रकान्यात या वेळी लिहिलंय, ‘मूळव्याधीच्या ऑपरेशनला सोबत’. तुला माझ्याशी एक शब्दही बोलावा लागणार नाही. ओळखही दाखवू नकोस. इस्पितळाच्या दारापर्यंत मी पुढे चालेन. तू फक्त मागून मी कसा चालतो ते बघत ये.